एकदा वाजव

“बोला, ऐकतोय.”

फोन उचलला की सगळी दुनिया ‘हॅलो’ म्हणते. आमच्या ऑफिसचे ऑपरेटर मामा कधी म्हणाले नाहीत. रिसीव्हर डाव्या कानाला लावायचे, मान जराशी तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “बोला, ऐकतोय.” समोरचा बोलत असेल तोवर डोळे उघडायचे नाहीत. नव्या माणसाला वाटायचं, मामांना झोप लागली. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याचं काम नेमकं काय हे कुणाला धड सांगता येत नाही, पण तो दोन दिवस रजेवर गेला की सगळ्यांचे हाल कुत्रं खात नाही. मामा त्यातले.

आमची कंपनी भाजीपाला आणि फुलं गोळा करून बाहेर पाठवते. मुख्य ऑफिस शिरूरला, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर. माल निवडायचं आणि भरायचं पॅकहाऊस दौंड तालुक्यात, भांडगावच्या पुढे, सोलापूर हायवेला. मी शिरूरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे मी आणि एक एसी. सगळे मला साहेब म्हणायचे, वयानं बापासारखे असलेले मामाही. मलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

मामांचं राज्य जिन्याखालच्या काचेच्या खोलीत. तिथं जुना टेलिफोन बोर्ड, एक स्टूल आणि लाल कापडी बांधणीची वही. वहीत वेळ, नाव, गाव, काम असे रकाने होते. शेवटचा रकाना मामांनी स्वतः पट्टीनं आखलेला होता. त्याचं नाव ‘आवाज’. त्यात एकदोन शब्द असायचे. चिडलेला. घाईत. घसा बसलेला. एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या एका वांगीवाल्याच्या नावापुढे ‘वरून हसतोय’ असं वाचलं आणि मला हसू आलं. मामा म्हणाले, “हसत व्हता, पर आज गाडी आली न्हाई तर सगळी वांगी बांधावर वतीन, अशातलं हसणं व्हतं ते. म्हणून डिस्पॅचला सांगितलं, आदी त्यांची गाडी काढा.”

नाव विचारायची वेळ त्यांच्यावर यायचीच नाही. आमच्याकडचा शेतकरी फोनवर नाव सांगत नाही. “मी बोलतोय,” एवढंच सांगतो, आणि तेवढ्यावर समोरच्यानं ओळखलं नाही तर त्याला राग येतो. मामा ओळखायचे. उत्तर प्रदेशातला एक ड्रायव्हर तर नुसता खोकायचा. मामा लगेच म्हणायचे, “बोलो भैया, किधर अटक गये?”

त्यांचा एक नियम होता. समोरच्याच्या आधी फोन ठेवायचा नाही. मॅनेजर यावरून कावायचे, लाइन अडते म्हणायचे. मामा मान डोलवायचे आणि पुन्हा तेच करायचे. मला एकदा म्हणाले, “आपण पयला ठिवायचा न्हाई, साहेब. माणसाचं एखादं वाक्य तोंडात राहिल्यालं असतं. आन् बहुतेक तेच कामाचं असतं.”

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. मी बोर्डाची वायर बघायला त्या खोलीत गेलो होतो. फोन वाजला. “बोला, ऐकतोय.” पलीकडून काहीच नाही. आता मामा ठेवून देतील असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे घट्ट मिटले, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाले, “हां, मीच हाय. पाणी पायजे का?” थोडं थांबले. “मग दुकतंय का कुठं? न्हाई? दार उघडं राहिलंय व्हय वाऱ्यानं? तसं आसंल तर एकदा वाजव.” मी जवळ उभा होतो, म्हणून मलाही रिसीव्हरमधून ऐकू आलं. टक. “आलो,” मामा म्हणाले, आणि पलीकडचा फोन खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत थांबले. मग सायकल काढून घरी गेले, दार लावून आले, आणि दहा मिनिटांत पुन्हा स्टुलावर.

ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. मामींना त्याआधी दोन वर्षं अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली ती थोडीफार परत आली, वाचा गेली ती आली नाही. नवीन काही डोक्यात टिकत नव्हतं. मामांनी मोबाईल घेऊन दिला, एकच बटण दाबायचं म्हणून शंभर वेळा शिकवलं. मामी तो हातात धरून बघत बसायच्या आणि उशीखाली ठेवून द्यायच्या. पण घरातल्या जुन्या फोनवरून ऑफिसचा नंबर त्यांनी पंचवीस वर्षं लावला होता. तो डोक्यात नव्हता, बोटात होता, म्हणून राहिला. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या ताई दुपारी एकदा डोकावून जायच्या. बाकी दिवसभर मामी, तो फोन, आणि सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर मामा.

मामांनी प्रश्न विचारायचा, मामींनी बोटातल्या अंगठीनं रिसीव्हरवर वाजवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही त्यांची भाषा. “दोनदा अशी ती वाजवतीच कवा?” मामा मला चहा पिताना सांगत होते. “भाजी खारट झाली व्हती का इचारलं तरी एकदा, चांगली झाली व्हती का इचारलं तरी एकदा. मला बरं वाटावं म्हणून व्हय म्हणती, साहेब. मला कळतं ते. मी बी तिला दावत न्हाई.”

मग मी ती सिस्टीम आणली.

कंपनीनं आणली, वरून हुकूम आला, असं म्हणता येईल. पण पुण्याच्या प्रदर्शनात बघून आलो मी, फाईल फिरवली मी, आणि मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवलीही मीच. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडचे बोर्ड काढायचे आणि सगळे फोन एका कॉम्प्युटरवर घ्यायचे. कुणी फोन उचलला नाही तर रेकॉर्ड केलेली बाई बोलणार, बीप वाजणार, निरोप रेकॉर्ड होणार. त्या निरोपाची फाईल होणार आणि ती ज्याची त्याच्या ई-मेलमध्ये चिठ्ठी पडावी तशी येऊन पडणार. वर फोन कुठून आला, किती वाजता, किती सेकंद, सगळं लिहिलेलं. मेल उघडली की टेबलावरच्या फोनचा लाल दिवा आपोआप विझणार. मेल पुसली की फोनमधला निरोपही पुसला जाणार. त्या मीटिंगमध्ये मी तो दिवा चारदा पेटवून चारदा विझवून दाखवला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की मागच्या खुर्चीत मामा बसलेत हे लक्षातही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात शेतकऱ्यांनी आमची चांगलीच जिरवली. रेकॉर्डवरची बाई बोलत असताना मध्ये बोलणं बरं नाही म्हणून आदबीनं थांबायचे. तिचं झालं की बीप, आणि मग कुणीच काही विचारत नाही म्हणून तेही गप्प. शेवटी फोन ठेवायचे. न्हावऱ्याचे एक आबा मुद्दाम ऑफिसात येऊन सांगून गेले, “बाई ग्वाड बोलती, पर ऐकून घेत न्हाई.” निम्म्याच्या वर मेल कोऱ्या. त्या कोऱ्या मेल उघडून उघडून मार्केटिंगची मंडळी वैतागली. त्यावर मी तोडगा काढला. ज्या निरोपात माणसाचं बोलणं सापडत नाही तो सिस्टीमनं स्वतःच पुसून टाकायचा. नियम लिहायला मला दोन मिनिटं लागली.

ऑपरेटरची जागा अर्थातच उरली नाही. मामांना निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांना दौंडच्या पॅकहाऊसला आवक नोंदायच्या टेबलावर टाकलं. सकाळी शिरूरहून निघायचं, न्हावऱ्याला गाडी बदलायची, चौफुल्याला उतरून पुढे जीप. संध्याकाळी तसंच उलटं. जाताना त्यांनी लाल वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. “आवाजाचा रकाना हाय का हो तुमच्यात?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मामा, आता आवाजच येतो अख्खा. रकाना कशाला लागतोय?” ते “व्हय, ते बी खरंच,” म्हणाले.

पंधरा दिवसांनी सुट्टी टाकून आले. दाराशी उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“साहेब, ती दिवसभर हितं फोन लावती. मी न्हाई हे तिला कळत न्हाई. तुमची बाई बोलती, मग ती वाजवती. काल घरी गेलो तर बोट सुजलेलं. अंगठी उतरंना, तेल लावून काढली. कुणी ऐकतंय का न्हाई ते, साहेब?”

मी सिस्टीम उघडून बघितली. मामांच्या घरचा नंबर एका दिवसात चौदा वेळा. प्रत्येकापुढे तेच: बोलणं नाही, पुसलं.

“कोरे निरोप आहेत ते मामा,” मी म्हणालो.

“कोरे कसे? ती वाजवती हाय की.”

मी पुन्हा तोडगा काढला. तोडगा माझ्याकडे कायमच असायचा. त्यांच्या घरचा नंबर पुसायच्या नियमातून वगळला आणि त्या नंबरचे निरोप मामांच्या नावच्या मेलमध्ये दौंडला जातील असं करून दिलं. पॅकहाऊसच्या हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही, दारातल्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. टेबलावरच्या फोनवरून बाहेर फोन लावता येत नाही. कॉम्प्युटर मात्र होता. मी त्यांना हेडफोन दिला, मेल कशी उघडायची शिकवलं. मामांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे सांगायचं धाडस राहील. तो नंबर मेलमध्ये न वळवता दौंडच्या त्या टेबलावरच्या फोनलाच वळवता आला असता. मामींनी शिरूरला लावला असता, तो दौंडला वाजला असता, आणि मामा म्हणाले असते, “बोला, ऐकतोय.” त्यालाही दोनच मिनिटं लागली असती. हे मला सुचलं नाही. सुचलं तेव्हा मामींना जाऊन तिसरा दिवस होता.

मामा मेल शिकले ते बघण्यासारखं होतं. की-बोर्डवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, निम्म्या सुटून पडलेल्या. एका बोटानं लिहायचे. एकदा मी प्रिंटर दुरुस्त करायला तिकडे गेलो होतो. टेबलाखाली शिरून केबल शोधत होतो, कानाला मोबाईल, पलीकडून पुण्याचा इंजिनीअर काहीबाही सांगत होता. मामा वरून वाकून म्हणाले, “साहेब, तिच्या आवाजाची हितं चिठ्ठी बनती. मग मी हितनं चिठ्ठी लिवली, तर तिकडं त्या चिठ्ठीचा आवाज होतो ना?”

मी म्हणालो, “हो हो मामा, होतं सगळं आपोआप.”

मी ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ऐकलं होतं. फक्त त्या वेळी केबल सापडणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

तेव्हापासून मामा उत्तरं लिहू लागले. मामींच्या निरोपाची मेल आली की हेडफोन लावायचा, टकटक ऐकायची आणि खाली उत्तर लिहायचं: ‘पाणी पायजे का? एकदा वाजव.’ पाठवायचं. ते उत्तर सिस्टीमच्या स्वतःच्या पत्त्यावर जायचं. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये असं प्रत्येक मेलच्या तळाशी लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. तो पत्ता कुणीच उघडत नाही. उत्तर परतही येत नाही, नुसतं पडून राहतं. मामा वाट बघायचे. तासाभरात मामींचा पुढचा फोन यायचा, त्याची मेल यायची, तिच्यात कधी टकटक टकटक, कधी नुसतं एकदा टक. एकदा टक आली की मामांना उत्तर मिळायचं. मग ते लिहायचे, ‘माठ भरून ठेवलाय, पेला घे.’ दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाईल काढून घरी फोन करायचे आणि विचारायचे, “मघाचं माझं ऐकलंस ना?” मामी एकदा वाजवायच्या.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मामा भेटले की म्हणायचे, “लई सोय केलीत, साहेब.” आणि मी म्हणायचो, “अहो, त्यात काय.”

तो दिवस वैशाखातला. लगीनसराई चालू होती, शेजारच्या ताई तळेगावला लग्नाला गेल्या होत्या. दुपारी अडीचच्या पुढे मामींचे फोन सुरू झाले. पॅकहाऊसला भेंडीचे ट्रक उभे होते, मामांनी पहिली मेल तीन वाजता उघडली. नेहमीची टकटक नव्हती. आधी काहीतरी पडल्याचा आवाज, मग वाजवणं, थांबून थांबून. मामांनी लिहिलं: ‘काय झालं? पडलीस का? एकदा वाजव.’ थोड्या वेळानं पुढची मेल आली. तिच्यात एकच टक होती. मग नुसता श्वास.

मामांनी दोन ओळी लिहिल्या आणि टेबल तसंच टाकून पळाले.

लॉकरमधून मोबाईल काढून घरी लावला. एंगेज. शेजारच्या ताईंना लावला, त्यांनी लग्नाच्या गोंगाटात उचलला नाही. मग ऑफिसला लावला. ऑफिसापासून घर पाच मिनिटांवर, कुणीही गेलं असतं. मामांना ऑफिसातल्या प्रत्येकाचा एक्स्टेंशन नंबर पाठ होता, मोबाईल नंबर एकाचाही नाही. सत्तावीस वर्षं त्याची गरजच पडली नव्हती. त्यांनी डिस्पॅच लावलं, बाई बोलली. मॅनेजरचा लावला, बाई बोलली. मग माझा. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर साप्ताहिक मीटिंगमध्ये होतो. ज्या नंबरला मामांनी सत्तावीस वर्षं कधी दुसरी घंटा होऊ दिली नाही, तो नंबर त्या दिवशी कुणी उचलला नाही.

मी चारला खाली आलो. फोनचा लाल दिवा पेटलेला. मेल उघडली, दिवा विझला. विषयाच्या ओळीत मामांचा नंबर, सदतीस मिनिटांपूर्वी, एक्केचाळीस सेकंद.

“बोला, ऐक... न्हाई, मी बोलतोय. मामा. साहेब, कुणाला तरी घरी धाडा. ती पडलीय. दार नुसतं लोटल्यालं हाय. पाच मिनटाचं काम हाय, साहेब. कुणी हाय का तिकडं? कुणी ऐकतंय का?”

त्यानंतर जीपच्या इंजिनाचा आवाज, आणि त्यात मामांचा श्वास. ते थांबले होते. फोन त्यांनी ठेवला नव्हता. पाच सेकंद कुणी बोललं नाही की सिस्टीम फोन ठेवते. तो आकडाही मीच घातलेला होता.

मी मोटरसायकलवर गेलो. मामी फोनच्या टेबलाखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर नीट होता. डोकं एका बाजूला कललेलं, आणि डाव्या हातात रिसीव्हर छातीशी धरलेला. मी हाक मारली, मग हात लावला. पुढचं सांगत नाही. मी तिथंच जमिनीवर बसलो होतो, तेव्हा मामा दारात आले. चपला कुठंतरी राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या शेजारी बसले आणि रिसीव्हरला कान लावला.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तासभर आधी कुणी आलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. हे वाक्य मी तेव्हापासून रोज उलटंसुलटं करून बघतो. त्यातून काही निघत नाही.

तेराव्यानंतर मामा ऑफिसात आले. हातात कापडी पिशवी. दौंडला राजीनामा देऊन आले होते, भांडगावला भावाकडे राहायला निघाले होते. या वेळी बसले. मी चहा मागवला, तो तसाच निवला.

“साहेब, एक बघून सांगा,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी निघायच्या आदी दोन वळी लिवल्या व्हत्या तिला. त्या तिकडं पोचल्या का?”

मला काही कळेना. लिहिल्या म्हणजे कुठं? मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाजाची चिठ्ठी, चिठ्ठीचा आवाज. मी टेबलाखाली होतो तो दिवस मला आठवला. मी सिस्टीमचा तो पत्ता उघडला, जो उघडायचं कुणाला कधी कारण पडत नाही. पडदा भरून मामांची उत्तरं. एकही उघडलेलं नव्हतं. ‘पाणी पायजे का.’ ‘गोळी डाव्या डबीत हाय, पांढरी.’ ‘आज चौफुल्याला जीप लवकर गावली तर सहाला येतो.’ ‘खिडकी लावून घे, ऊन येतंय.’ ‘मी हितंच हाय.’ ‘मी हितंच हाय’ पुष्कळदा होतं. सगळ्यात वर शेवटचं: ‘निघालो. फोन ठेवू नको.’

पडदा माझ्याकडे होता. मामा पलीकडे बसले होते, माझ्या तोंडाकडे बघत.

“मी तिला लिवलं व्हतं, फोन ठेवू नको,” ते हळू म्हणाले. “जीपमधनं लावला तर एंगेज. म्हणलं, ऐकलं तिनं. आन् तुम्ही बी बघितलंत, साहेब. तिनं ठेवला नव्हता. शेवटपतुर हातात व्हता. ऐकल्याबिगर कशी धरून बसंल?”

खरं सांगायचं होतं. सहा महिन्यांतलं एकही अक्षर तिच्या कानावर गेलं नाही, ती रिकाम्या फोनवर वाजवत होती, आणि होतं सगळं आपोआप असं तुम्हाला सांगणारा मी होतो, हे सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही.

“ऐकलं आसंल ना, साहेब?”

“हो मामा,” मी म्हणालो. “पोचलं होतं. इथं दिसतंय.”

मामांनी डोळे मिटले. मान तिरकी केली, अगदी बोर्डावर बसायचे तशी, आणि तसेच थांबले. माझं एखादं वाक्य तोंडात राहिलंय का, याची वाट बघत असावेत. राहिलं होतं. ते मी बोललो नाही, आणि बराच वेळ थांबून मामांनी डोळे उघडले.

मग त्यांनी माझ्या टेबलावर बोटानं वाजवलं. एकदाच. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले.